दोन ट्रॉल्यांचं पाणी

जानेवारीत प्रिलिमचे पेपर तपासायला बसले की मी आधी एकच प्रश्न सगळ्यांचा पाहून घेते. समीकरण संतुलित करा. यंदा मुद्दाम सगळ्यात सोपं घातलं होतं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. हे बहुतेकांना येईल, चार मार्क तरी पदरात पडतील, असा माझा हिशोब. पहिले दोन पेपर बरोबर निघाले. तिसऱ्यात उजवीकडे लिहिलं होतं, एच टू ओ टू. चौथ्यात तेच. गठ्ठा संपला तेव्हा अशी अकरा पोरं निघाली.

कॉपी म्हणावी तर बाकं लांबलांब. आणि चूक तरी कशी, अगदी रीतसर! डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. मग उजवीकडे खाली बारीक दोन घातला की झालं. दोन्ही बाजू सारख्या. संतुलित करा म्हणाला होतात, केलं. हिशोब चोख आहे, फक्त ग्लासात पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड आलंय. मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते.

दुसऱ्या दिवशी वर्गात बैलगाडी काढली. हे उदाहरण मी पंधरा वर्षं वापरतेय. हायड्रोजनचा रेणू म्हणजे बैलांची एक जोडी. ऑक्सिजनचा रेणू म्हणजे एकमेकींना बांधून ठेवलेल्या दोन रिकाम्या गाड्या. आणि पाणी म्हणजे जुंपलेली बैलगाडी, दोन बैल आणि एक गाडी. आता बांधलेल्या दोन गाड्या सोडवल्या तर जोड्या किती लागतील? दोन. गाड्या किती तयार होतील? दोन. म्हणून आकडा पुढे लिहायचा, मोठा. गाड्यांची संख्या वाढवायची, एका जोडीमागे दोन गाड्या लावायच्या नाहीत.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमच्याकडं बैल न्हाईत आता."

"बरं मग, ट्रॅक्टर धर."

"ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावत्यातच की."

वर्ग हसला, आणि त्याच वेळी, नाटकात असावं तसं, खिडकीबाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या, वर ऊस लादलेला, टेपवर कुठलंसं गाणं. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं आमचं गाव, आजूबाजूला द्राक्षबागा आणि पलीकडे ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की दिवसभर हेच. पंधरा वर्षांचं उदाहरण एका वाक्यात आडवं झालं.

पण खरं सांगायचं तर पोरगं बरोबर होतं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, तसं एच टू ओ टूसुद्धा असतं. मग मी तिथंच बसकण मारली. विचारलं, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढाला कसा वागतो? दहा जणांनी एकदम सांगितलं. पुढचं चाक उचलतो, वळणावर मागची ट्रॉली ओढ घेते, कधी पिन निसटून सुटते. पेरॉक्साइडचं तसंच असतं म्हटलं. ते नुसतं ठेवलं तरी हळूहळू त्याची एक ट्रॉली सुटत राहते. अशा दोन सुटलेल्या ट्रॉल्या एकमेकींना जोडून निघून जातात, तो ऑक्सिजन. मागे उरतं ते पाणी. उजेडात हे लवकर होतं म्हणून त्याची बाटली पारदर्शक नसते. जखमेवर ओतलं की फसफसतं, तेही तेच.

त्या तासाला आवर्ती वर्गीकरणाची उजळणी ठरलेली होती. राहून गेली.

उजळणी हा शब्द आम्ही शिक्षक फार स्वस्त वापरतो. मी लहान असताना उजळणी म्हणजे पाढे. संध्याकाळी दिवा लागला की बे एके बे. आणि घरात आजी देव उजळायला काढायची. तांब्याचा कलश, पळी-पंचपात्र, चिंचेचा कोळ आणि मीठ. काळवंडलेल्या तांब्यावर चिंच फिरली की खालचा गुलाबीसर रंग असा वर यायचा की वाटायचं नवा कलश आणला. चिंचेतलं आम्ल तांब्यावरच्या ऑक्साइडचा थर विरघळवून नेतं, हे मला फार पुढे कळलं. आजी तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, "मळ निघाला."

दहावीची उजळणी मात्र आम्ही उलटी करतो. मळ काढायचा सोडून वर रंग देतो. विज्ञान भाग एकमध्ये दहा धडे, त्यातले चार रसायनाचे: मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे. पेपर चाळीस मार्कांचा, दोन तासांचा. मग फळ्यावर यादी लिहायची: हे आयएमपी, हे व्हेरी आयएमपी, हे गेल्या वर्षी आलं म्हणून यंदा सोडा. मीही लिहिली आहे अशी यादी, पुष्कळ वर्षं. पोरं ती अशा श्रद्धेनं उतरवून घेतात की आपल्यालाच भविष्य कळतंय असं वाटायला लागतं. त्या यादीत "संयुजा", म्हणजे एक अणू दुसऱ्यांशी किती बंध जोडतो तो आकडा, हा शब्द कधीच नसतो, कारण तो धडा खालच्या वर्गात होऊन गेला. पण अकरा पोरांची गाडी अडली होती ती नेमकी तिथंच. दहावीची उजळणी दहावीत सुरूच होत नाही.

चुन्याच्या निवळीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

नोकरीचं तिसरं वर्ष. वेगळी शाळा, वेगळा तालुका. प्रयोगशाळेत एका बाजूला खुर्च्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गॅदरिंगचे पडदे. कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग होता. शहाबादी फरशीचे तुकडे शंकुपात्रात टाकले. शहाबादी म्हणजे शेवटी चुनखडीचाच दगड, संगमरवरी तुकडे मिळाले नाहीत तर तो बरा चालतो. वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, बुचातून नळी, नळीचं टोक परीक्षानळीतल्या निवळीत. फसफस झाली, बुडबुडे आले, निवळी दुधाळ झाली. पोरांनी "ओ" केलं. मी म्हटलं, लिहा निरीक्षण. आणि मी दुसऱ्या गटाकडे वळले.

पहिल्या गटातल्या एका मुलानं नळी काढलीच नाही. त्याला बुडबुडे बघायला आवडत असावेत. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली, "बाई, दूध गेलं."

खरंच गेलं होतं. परीक्षानळीत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. मी पाहिलं, आणि मला काही सुचेना. वेळ चालली होती, घंटा व्हायची होती. मी म्हटलं, "तुझी निवळी खराब होती. नळी धू, परत कर." त्यानं मान डोलावली. त्याची प्रयोगवही उघडीच होती. तीत छान अक्षरात लिहिलेलं होतं, "द्रावण दुधाळ होते." शाई केव्हाच वाळलेली होती. कारण ते निरीक्षण त्यानं आदल्या दिवशीच कुणाच्या तरी वहीतून उतरवलं होतं. सगळ्यांनीच उतरवलं होतं. त्या खोलीत चाळीस वह्यांत दुधाळ होतं आणि समोरच्या नळीत स्वच्छ. आणि मी वहीच्या बाजूनं निकाल दिला.

रात्री बीएस्सीची जुनी पुस्तकं काढली तेव्हा पाच मिनिटांत सापडलं. निवळीत कार्बन डायऑक्साइड गेला की कॅल्शिअम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुधाळ दिसतं. पण वायू जातच राहिला तर त्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, आणि ते विरघळतं. दूध जातं. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. समोर घडलं तेव्हा ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला पुढे बोलावलं आणि सांगितलं की काल तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. वर्ग एकदम गप्प. बाईंचं चुकलं ही बातमी होती. मग म्हटलं, आता गंमत बघू. त्याच्याच हातानं पुन्हा दूध केलं, पुन्हा घालवलं. आणि ते स्वच्छ द्रावण स्पिरिटच्या दिव्यावर धरायला लावलं. परीक्षानळी चिमट्यात, तोंड कुणाच्या अंगावर नाही, हलवत राहा. पहिल्यांदा काहीच नाही. मग बारीक बुडबुडे. मग नळीच्या भिंतीला लागून एक धूसरपणा, आरशावर वाफ धरावी तसा. आणि हळूच दूध परत आलं. अगदी घट्ट नाही, ताकाच्या निवळीसारखं. उष्णतेनं बायकार्बोनेट मोडलं, वायू निघून गेला, कार्बोनेट उरलं.

एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या बोअरच्या पाण्याचं पातेलं असंच होतंय."

तेच ते. बोअरचं पाणी जमिनीतल्या चुनखडीतून येताना हेच बायकार्बोनेट विरघळवून आणतं, आपण उकळतो, आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. तो थर घासून निघत नाही, पण लिंबू पिळलं की फसफसून सुटतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड ठेवली की डाग पडतो, कारण कडप्पाही चुनखडीचाच दगड. त्या एका नळीतून आम्ही दोन तास भटकत होतो. तेव्हापासून माझा एक नियम आहे: प्रयोग होईपर्यंत निरीक्षणाचं पान कोरं. सगळ्यांना तो त्रासाचा वाटतो, तपासणीला येणाऱ्यांना जास्त. अंतर्गत वीस मार्कांसाठी वह्या कशा सुबक हव्यात. माझ्या वर्गाच्या वह्यांत "काहीच झाले नाही" असं वाक्य अधूनमधून सापडतं. मला ते आवडतं.

यंदाच्या उजळणीत आणखी एक गाठ सुटली, ती भाषेची. आमचा वर्ग मराठी माध्यमाचा, पण शेजारची तुकडी सेमी, म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून. मोबाइलवर मात्र सगळी पोरं रात्री हिंदी व्हिडिओ बघतात. एका मुलीनं उत्तरात लिहिलं होतं, "हळद क्षारात लाल होते." मी लाल रेघ मारली. आम्लारीत होते, क्षारात नाही. क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भिडल्यावर तयार होतो तो, मीठ त्यातलंच. मुलगी हुशार, ऐकेना. "मॅडम, सरांनी क्षारच सांगितलंय." कुठल्या सरांनी? तिनं मोबाइलमधले सर दाखवले.

आणि ते सरही बरोबर होते! हिंदी पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली. मिठाच्या जातीला तिकडे लवण म्हणतात. शब्द तोच, नदी ओलांडली की अर्थ उलटा. त्यात आयुर्वेदातला क्षारही हिंदीच्या बाजूचा, म्हणजे दाहक, आम्लाच्या विरुद्ध स्वभावाचा. आमच्या मराठी पुस्तकानं तो शब्द मिठाकडे नेला. बिचारी पोर दोन राज्यांच्या मधे उभी होती आणि मी तिचा अर्धा मार्क कापला होता. तो मी परत दिला, कंसात "हिंदीतून बरोबर" असं लिहून. बोर्डाचा परीक्षक असं करणार नाही, हेही सांगितलं.

पण त्या निमित्तानं फळ्यावर मी "आम्लारी" लिहिला आणि मधे एक रेघ ओढली. आम्ल, अरी. अरी म्हणजे शत्रू. मुरारी, पुरारी तसा आम्लारी. आम्लाचा वैरी. एवढ्या वर्षांत ह्या शब्दाबद्दल कुणी मला असं सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्रजीतला बेस मुलांना काही म्हणजे काही सांगत नाही. आमचा शब्द उदासिनीकरणाचा अख्खा धडा पोटात घेऊन बसलाय. शेजारच्या सेमीच्या पोरांनाही दारातून बोलावून दाखवला. (सेमीचं मला वावडं नाही. पुढे सगळं इंग्रजीतच आहे, पालकांचं बरोबर आहे. पण दोन्ही शब्द हातात असताना एक फेकून द्यायचा, हे काही मला पटत नाही.) हळदीचं म्हणाल तर पंढरपूरचं कुंकू सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हळदीला चुना लागला की लाल. कुंकवाच्या करंड्यात दर्शक पदार्थाचा प्रयोग झालेलाच असतो.

राहून गेलेलं आवर्ती वर्गीकरण मग शनिवारी, अर्ध्या शाळेत उरकलं. गण, आवर्त, कोण कुणाच्या खाली, ते काही इथे सांगत बसत नाही. पोरांना आवडते ती मेंडेलीव्हची रिकामी जागा, म्हणजे ह्या रशियन शास्त्रज्ञानं आपल्या सारणीत तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी सोडलेली घरं. मला त्यातलं वेगळंच आवडतं. १८६९ साली सेंट पीटर्सबर्गला हा माणूस विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. पहिल्या खंडात मोजकीच झाली आणि बाकीचा सगळा ढीग दुसऱ्या खंडात कसा बसवायचा, ह्या काळजीतून ती मांडणी निघाली. म्हणजे आवर्तसारणी जन्माला आली ती पोर्शन संपत नाही म्हणून! हे सांगितलं की स्टाफरूममध्येही लोक खूश होतात.

ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या घराला त्यानं नाव दिलं एका-ॲल्युमिनिअम. हा "एक" आपल्या संस्कृतातला. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं, शोधणाऱ्यानं घनता मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्हनं धातू डोळ्यांनी पाहिलेला नसताना कळवलं की ५.९ च्या आसपास हवी, नमुना शुद्ध करून परत मोजा. परत मोजली. ५.९ निघाली. हे ऐकून ट्रॉलीवाला म्हणाला, "म्हणजे त्याची वही बरोबर आणि नळी चूक."

मी गप्पच बसले. निवळीची गोष्ट मी त्यांना आदल्याच आठवड्यात सांगितली होती, आणि आता ती माझ्यावर उलटली होती. कधी वहीचं ऐकायचं आणि कधी नळीचं? मी म्हटलं, मेंडेलीव्ह "परत मोजा" म्हणाला, "माझं खरं मानून लिहून टाका" म्हणाला नाही. ट्रॉलीवाल्याचं पूर्ण समाधान झालं असावं असं वाटलं नाही. माझंही झालं नव्हतं.

हा पोरगा जुलैत पुन्हा भेटला. परीक्षा, निकाल सगळं होऊन गेलं होतं. त्याचे मार्क मी सांगत नाही, त्याला आवडणार नाही. मी गाडीवरून शाळेत निघाले होते, रस्त्याकडेच्या बागेत बापलेक बोर्डो करत होते. पावसाळ्यात डाऊनी हा बुरशीचा रोग यायची भीती असते, म्हणून द्राक्षाला बोर्डोची फवारणी. एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि तेही प्लॅस्टिकच्या पिंपात. लोखंडी पिंपात केलं तर तांबं पिंपालाच बसतं. मी थांबले. त्यानं हात पुसत नमस्कार केला.

"मॅडम, बघा." त्यानं विळा घेतला, पातं आकाशी रंगाच्या पाण्यात बुडवलं, थोडा वेळ धरलं, वर काढलं. पात्यावर तांबूस झाक आली होती, नुकत्या घासलेल्या कलशासारखी. "चुना कमी पडलाय," तो म्हणाला. "तसंच मारलं तर पानं करपत्यात." हे त्याला आजोबांनी शिकवलेलं. मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी, चुना त्याचा अरी. अरी कमी पडला की मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं. विस्थापन अभिक्रिया. पुस्तकात विळ्याच्या जागी खिळा आहे, एवढंच. आदल्या वर्षी जूनमध्ये मी वर्गात खिळा बुडवला होता तेव्हा हा म्हणाला असावा, हे तर आमचं बोर्डोच की, आणि मला ऐकू आलं नसावं. किंवा म्हणालाच नसेल. विचारायचं राहिलं.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर धूळ होती. त्यानं बोटानं त्यावर लिहिलं: लोखंड, अधिक मोरचूद, बाण. उजवीकडे फेरस सल्फेट, अधिक तांबं. संज्ञा नीट, सल्फेटखालचा चारही जागेवर. मग जरा मागे सरकून त्यानं दोन्ही बाजूंचे अणू बोटानं मोजले. एकदा मोजून झाल्यावर परत मोजले.

"मॅडम, ह्याला बॅलन्स करायलाच लागत न्हाई."

"नाही लागत."

पिंपाजवळून वडील ओरडले, "ते ऱ्हाऊ दे. आधी चुना घाल."